विद्वानाचा शब्द आणि कागदाची साक्ष

१. दोन प्रश्न, एकच समजूत

थोर लेखकाचे अप्रकाशित पत्र सापडले, एखाद्या ग्रंथाची कोणालाही ठाऊक नसलेली पहिली आवृत्ती मिळाली, अशी बातमी आली की सर्वसामान्य वाचक हमखास दोन प्रश्न विचारतो. सांगणारा माणूस कोण, त्याचे शिक्षण काय, हा पहिला. तो नामवंत निघाला, तर दुसरा प्रश्न येतो: एवढा मोठा अभ्यासक खोटे कशाला बोलेल?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. कागद दाखवणारा विश्वासू असेल तर कागदही विश्वासू, ही ती समजूत. घरगुती व्यवहारात ती बऱ्याचदा चालून जाते. ओळखीच्या सोनाराने दिलेली बांगडी कोणी लगेच दुसरीकडे कसाला लावत नाही. साहित्याच्या इतिहासात मात्र या समजुतीने फार नुकसान केले आहे, आणि त्याची सर्वांत ठळक उदाहरणे ब्रिटनमधली आहेत. तिथल्या दोन अत्यंत प्रतिष्ठित अभ्यासकांनी बनावट साहित्य अस्सल म्हणून पुढे आणले आणि ते अनेक दशके पचले. तपासणीचे शास्त्र घडले ते बरेचसे त्यांच्यामुळेच. त्यांतल्या एकावरचा वाद दीडशे वर्षे चालला.

माणसाची पात्रता आणि कागदाचा अस्सलपणा ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात जमा होत नाही. पुढची सारी उदाहरणे या एका गोष्टीभोवती फिरतात.

२. पदवी काय सांगते

पदवी खरी आहे का, हे तपासणे सगळ्यांत सोपे. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘हायर एज्युकेशन डिग्री डेटाचेक’, थोडक्यात ‘हेड’, नावाची अधिकृत सेवा आहे. नोकरी देणारी संस्था उमेदवाराच्या संमतीने तिथे विचारणा करते आणि विद्यापीठाच्या नोंदींवरून उत्तर मिळते. पदवी खरी निघाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ती वाचताही यावी लागते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची एम. ए. घ्या. पुण्यामुंबईत एम. ए. म्हटले की दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा डोळ्यांसमोर येते. या दोन विद्यापीठांत मात्र बी. ए. झालेल्याला ठरावीक वर्षे लोटल्यावर, आणखी एकही परीक्षा न देता, एम. ए. ही उपाधी घेता येते. तिसरा प्रकार मानद पदवीचा. ती विद्यापीठाने केलेला गौरव असते. त्या माणसाचे काम कोणी तपासून पाहिले आहे, असा तिचा अर्थ नसतो. तीन माणसांच्या नावापुढे तीच दोन अक्षरे असतात आणि तिघांचा अर्थ निराळा असतो. शिवाय पदवी कशातली आहे हेही पाहावे लागते. रसायनशास्त्रातला डॉक्टर शाईबद्दल बोलू शकेल, पण मोडीचे वळण शिवकालीन की पेशवेकालीन, हे त्याला विचारून उपयोग नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पदवी नाही किंवा विद्यापीठात जागा नाही, म्हणून कोणाचे म्हणणे बाद ठरत नाही. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. वि. का. राजवाडे यांनी विद्यापीठातल्या खुर्चीशिवाय गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली.

म्हणून अनुभवी संपादक पदवीच्या पुढचे प्रश्न विचारतो. या व्यक्तीला समक्ष भेटलेले कोणी आहे का? तिने आधी छापलेले उतारे मूळ कागदाशी जुळतात का? आणि तिच्या बाजूने बोलणारे लोक एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व ब्रिटनला २०१३ साली कळले.

३. स्थळाची चौकशी

‘द डिकेन्सियन’ या नियतकालिकात २००२ साली ‘स्टेफनी हार्वी’ या नावाने एक लेख आला. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की १८६२ साली लंडनमध्ये चार्ल्स डिकेन्सला भेटला आणि आपल्या आत दोन माणसे राहतात अशी कबुली डिकेन्सने त्याला दिली, असे त्यात होते. आधार म्हणून दोस्तोयेव्हस्कीचे १८७८ चे एक पत्र दिले होते, आणि त्या पत्रासाठी सोव्हिएत काळातल्या कझाकस्तानच्या एका नियतकालिकाचा हवाला. दोस्तोयेव्हस्की त्या वर्षी लंडनला गेला होता, हे खरे आहे. बनावट गोष्ट बहुधा अशा एखाद्या खऱ्या खुंटीला टांगलेली असते. मायकेल स्लेटर आणि क्लेअर टोमलिन या मान्यवर चरित्रकारांनी ही भेट आपापल्या डिकेन्सचरित्रांत घेतली. तिथून ती वृत्तपत्रांतल्या परीक्षणांत गेली. मग रशियन साहित्याच्या अभ्यासकांनी साधा प्रश्न विचारला: मूळ पत्र कुठे आहे?

ते कुठेच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले एरिक नायमन यांनी एप्रिल २०१३ मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये हा सारा माग मांडला. हवाल्यातले नियतकालिक हाती लागत नव्हते. त्याहून मोठी गोष्ट अशी की ‘स्टेफनी हार्वी’ आणि तिच्यासारखी आणखी काही नावे वेगवेगळ्या नियतकालिकांत लिहीत होती, एकमेकांचे दाखले देत होती, एकमेकांच्या लेखनावर मतेही देत होती. त्या सगळ्यांमागे ए. डी. हार्वी हा एकच इतिहासलेखक होता. पुढे त्याने ते मान्य केले.

लग्नाच्या स्थळाची चौकशी पाच घरी करावी, पाचही जणांनी मुलाचे गुण गावेत, आणि नंतर कळावे की पाचही घरे मुलाच्या मामाचीच, तसा हा प्रकार. तळटिपांची संख्या मोजून भागत नाही. त्या किती वेगळ्या विहिरींतून पाणी आणतात, ते पाहावे लागते. चरित्रकारांनी इथे काही लबाडी केली नव्हती. त्यांनी एका जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकावर विश्वास टाकला आणि एक पायरी मागे जाऊन मूळ पत्र मागितले नाही, एवढेच घडले.

४. वस्तूचे वय

माणूस तपासून झाला की वस्तूकडे वळायचे. इथली मुख्य कल्पना सोपी आहे. प्रत्येक वस्तूत तिच्या सांगितलेल्या काळात असूच शकत नाही असे काहीतरी सापडते का, हे पाहायचे.

एक छोटे उदाहरण. समजा, जमिनीच्या वादात एक पत्र पुढे आले. तारीख १२ जून १९६४, मजकूर जुन्या वळणाचा, कागद पिवळा पडलेला, सहीही जुळते. पत्राच्या माथ्यावर छापलेला पत्ता मात्र ‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ असा आहे. भारतात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे हा कागद त्याआधी छापलेला असूच शकत नाही. सही कितीही हुबेहूब असो, साक्षीदार कितीही सज्जन असोत, पत्र त्या तारखेचे नाही. तसेच १९५० सालच्या भाडेपावतीवर ‘बारा आणे’ असण्याऐवजी ‘७५ पैसे’ दिसले, तर अधिक वाद घालण्याची गरज उरत नाही. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली.

याच पद्धतीने इंग्लंडमधली एक मोठी पत कोसळली.

५. वाइझ आणि १८४७ ची पुस्तिका

टॉमस जेम्स वाइझ यांचा जन्म १८५९ चा. सुगंधी तेलांच्या एका व्यापारी पेढीत त्यांनी कारकुनीपासून सुरुवात केली आणि पुस्तकसंग्रहात ते इतके पुढे गेले की त्यांचे ‘अ‍ॅश्ली ग्रंथालय’ हे खाजगी संग्रहांतले एक नामांकित ग्रंथालय ठरले. अनेक इंग्रज कवींच्या ग्रंथसूची त्यांनी तयार केल्या. १९२२ ते १९२४ या काळात ते लंडनच्या बिब्लिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. ऑक्सफर्डने त्यांना मानद एम. ए. दिली आणि तिथल्या वुस्टर कॉलेजने मानद फेलो केले. एखादी आवृत्ती अस्सल की नक्कल, असा प्रश्न पडला की लोक वाइझ यांनाच विचारत.

त्यांनी प्रसिद्धीस आणलेल्या दुर्मिळ वस्तूंत सर्वांत गाजलेली म्हणजे एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या प्रेमसुनीतांची एक छोटी पुस्तिका. मुखपृष्ठावर ‘रेडिंग, १८४७’ असे स्थळ-साल. ही सुनीते १८५० च्या काव्यसंग्रहात प्रथम आली असे सगळे मानत होते. म्हणजे ही पुस्तिका त्याआधीची, कवयित्रीने खाजगीरीत्या छापून घेतलेली. संग्राहक तिच्यासाठी भरपूर पैसे मोजत.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुणांना तिच्याबद्दल शंका आली. दोघेही पुस्तकांच्या व्यापारातले. कोणीही प्राध्यापक नव्हते. १९३४ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा कार्टर २९ वर्षांचे होते. नावही अगदी साधे: एकोणिसाव्या शतकातल्या काही पुस्तिकांच्या स्वरूपाची चौकशी.

त्यांनी आधी पाहिले ते काय नाही याकडे. खाजगी पुस्तिका कवी छापतो ती मित्रांना वाटण्यासाठी, आणि देताना पहिल्या पानावर दोन शब्द लिहितो. या पुस्तिकेच्या एकाही प्रतीवर कवयित्रीच्या हातचे तसे काही नव्हते. तिच्या हयातीतल्या कोणत्याही पत्रात, डायरीत तिचा उल्लेख नव्हता. जुन्या बांधणीतली, वाचून मळलेली प्रत नव्हती. साऱ्या प्रती कोऱ्या करकरीत, आणि बाजारात आल्या त्या शतक संपत आल्यावर. अनुपस्थिती हा पुरावा नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यातून केवळ संशय उभा राहतो. म्हणून ते कागदाकडे वळले.

इंग्लंडमध्ये १८६० पर्यंत छपाईचा कागद चिंध्यांपासून होई. १८६१ पासून त्यात एस्पार्टो गवत आले आणि १८७० च्या दशकात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा. सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू वेगवेगळे ओळखू येतात. १८४७ च्या म्हणवणाऱ्या पुस्तिकेच्या कागदात रासायनिक लाकूडलगदा निघाला. पेशवाईतला म्हणून दाखवलेल्या शालूत नायलॉनचा धागा सापडावा, तसे हे झाले.

मग खिळे. शिशाच्या खिळ्यांवर इंग्रजी ‘एफ’चा वरचा आकडा आणि ‘जे’चा खालचा आकडा खिळ्याच्या अंगाबाहेर येऊन शेजारच्या अक्षरावर झुकत असे. हा बाहेर आलेला नाजूक भाग पटकन मोडे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांची ही रोजची डोकेदुखी होती. म्हणून पुढे आकडा आत घेतलेले नवे खिळे ओतले गेले. पुस्तिकांत दिसणारे असे खिळे १८८० नंतरचे होते. त्यांत भर म्हणजे प्रश्नचिन्ह दुसऱ्याच संचातले होते. असा मिश्र संच एका विशिष्ट छापखान्याचीच खूण ठरतो. तो छापखाना शोधता शोधता दोघांच्या हाती मॅथ्यू अर्नल्डच्या एका कवितेची १८९३ ची प्रतिकृती-आवृत्ती आली. अक्षरे तीच, प्रश्नचिन्ह तेच, आणि छापखान्याचे नाव स्पष्ट: लंडनचे रिचर्ड क्ले अँड सन्स. त्या आवृत्तीचे संपादक होते टॉमस वाइझ.

सुमारे ५० पुस्तिका दोघांनी तपासल्या आणि त्यांतल्या बऱ्याच बनावट ठरवल्या. वाइझ यांना त्यांनी थेट गुन्हेगार म्हटले नाही. पुरावे ओळीने मांडले आणि निष्कर्ष वाचकावर सोडला. हा संयम त्या पुस्तकाचे मोठेपण आहे. या पुस्तिका आपल्याला हॅरी बक्स्टन फॉर्मन या अभ्यासकाकडून मिळाल्या, असे वाइझ सांगत राहिले. फॉर्मन १९१७ सालीच वारले होते. पुढे दोघांचा पत्रव्यवहार उजेडात आला आणि फॉर्मनही या उद्योगात सामील असल्याचे कळले. पण म्हणून वाइझ सुटले नाहीत. १९३७ साली ते काहीही कबूल न करता वारले. त्यांचे ग्रंथालय ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले. त्याच संग्रहालयातल्या जुन्या नाटकांच्या छापील प्रतींमधली पाने गहाळ होती. १९५० च्या दशकात डेव्हिड फॉक्सन यांनी दाखवले की त्यांतली बरीच पाने वाइझ यांच्या ‘परिपूर्ण’ प्रतींत बसवलेली आहेत. शिवणीची भोके आणि डाग दोन्हीकडे जुळत होते.

६. पर्किन्स फोलिओ

वाइझ यांचे प्रकरण तुलनेने सोपे, कारण कागद आणि खिळे वाद घालत नाहीत. जॉन पेन कॉलियर यांचे प्रकरण याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. इथे पुस्तक अस्सल होते. प्रश्न होता समासातल्या लिखाणाचा.

कॉलियर १७८९ साली लंडनमध्ये जन्मले. पेशाने वृत्तपत्रांचे वार्ताहर, पुढे वकिलीची सनद घेतलेले. विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही १८३१ साली त्यांनी इंग्रजी नाट्यकाव्याचा तीन खंडांचा इतिहास लिहिला आणि शेक्सपिअरच्या अभ्यासकांत ते अग्रभागी आले. डेव्हनशरच्या ड्यूकचे ग्रंथालय, ब्रिजवॉटर हाउसमधली कागदपत्रे, डलिच कॉलेजचे दप्तर, सगळी दारे त्यांना उघडी होती. त्यांची विद्वत्ता अस्सल होती, हे त्यांच्या कट्टर विरोधकांनाही नाकारता आले नाही.

जानेवारी १८५२ मध्ये त्यांनी ‘अथेनियम’ या साप्ताहिकात एक शोध जाहीर केला. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६३२ चा दुसरा फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ, आपण १८४९ साली टॉमस रॉड या पुस्तकविक्रेत्याकडून ३० शिलिंगांना घेतला. त्यावर ‘टॉमस पर्किन्स’ हे नाव आहे आणि समासांत सतराव्या शतकाच्या वळणात हजारो दुरुस्त्या आहेत. शेक्सपिअरच्या छापील पाठात असंख्य जागा दुर्बोध आहेत. त्या काळच्या, कदाचित रंगभूमीशी संबंधित अशा कोणीतरी त्या दुरुस्त केल्या असतील, तर याहून मोठी गोष्ट ती कोणती? कॉलियर यांनी दुरुस्त्यांचे पुस्तक काढले आणि १८५३ च्या आपल्या आवृत्तीत त्या थेट पाठात घेतल्या. पुस्तकविक्रेता रॉड १८४९ सालीच वारला होता, त्यामुळे त्याला विचारणे शक्य नव्हते.

सॅम्युअल सिंगर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली. मूळ ग्रंथ मात्र ड्यूककडे होता आणि सहज पाहायला मिळत नव्हता. १८५८ साली ड्यूक वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या वारसाने तो ब्रिटिश म्युझियमकडे तपासणीसाठी दिला. हस्तलिखितांचे प्रमुख सर फ्रेडरिक मॅडन आणि त्यांचे सहकारी निकोलस हॅमिल्टन यांनी पाने उलटायला सुरुवात केली.

त्यांना जे दिसले ते असे. शाईतल्या दुरुस्त्यांच्या आसपास, काही ठिकाणी थेट शाईखाली, पुसट पेन्सिलीच्या खुणा होत्या. शाईतले वळण जुने, शब्दांचे लेखनही जुने. पेन्सिलीतले वळण मात्र अलीकडचे आणि शब्दलेखनही अलीकडचे. रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मांडते आणि मग रेषा ओढते. इथे ठिपके एकोणिसाव्या शतकाचे होते आणि रेषा सतराव्या शतकाची!

पेन्सिल आधी की शाई आधी, हा कळीचा मुद्दा. शाईवर कोणी नंतर पेन्सिलीने खूण केली असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ग्रंथ त्याच संग्रहालयातल्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन यांच्याकडे गेला. साहित्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की ही शाई कागदात मुरलेलीच नाही. खरी जुनी शाई तंतूंत शिरते. हा रंग पृष्ठभागावर बसलेला होता आणि नुसत्या पाण्याने बराचसा निघून येत होता. रंग निघाला की खालची पेन्सिल दिसू लागे. म्हणजे पेन्सिल आधी, ‘जुनी’ शाई नंतर. हॅमिल्टन आणि मॅस्केलिन यांची पत्रे जुलै १८५९ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये छापून आली आणि एकच खळबळ उडाली. कॉलियर तेव्हा ७० वर्षांचे होते.

मग त्यांचे जुने काम उकरून निघाले. डलिच कॉलेजात नट एडवर्ड अ‍ॅलिन याचे दप्तर आहे. त्यात त्याच्या पत्नीने १६०३ साली लिहिलेले एक पत्र आहे. कॉलियर यांनी १८४१ साली ते छापले, तेव्हा त्यात ग्लोब नाट्यगृहाच्या शेक्सपिअरचा उल्लेख होता. हॅमिल्टन यांनी मूळ पत्र काढून पाहिले. त्याचा तळ जीर्ण होऊन झडला होता. कागद नंतर झडला असेल, असा बचाव शक्य होता. पण झडलेल्या भागाच्या मध्ये मध्ये जे शब्द शाबूत होते, ते कॉलियर यांच्या मजकुरात बसतच नव्हते. शेक्सपिअर तिथे मावत नव्हता.

सरकारी दप्तरातला, शेक्सपिअरचे नाव असलेला एक अर्जही तपासायला निघाला. जानेवारी १८६० मध्ये मॅडन आणि सर फ्रान्सिस पालग्रेव्ह यांच्यासह पाच तज्ज्ञांनी तो बनावट असल्याचा निर्वाळा दिला.

७. बनावट कोणी केली?

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, प्रकरण मिटले. तसे नाही. कागद बनावट आहे, तो अमक्याने बनवला, आणि तो बनावट आहे हे माहीत असून अमक्याने वापरला, ही तीन वेगळी विधाने आहेत. भारतीय फौजदारी कायदाही खोटा दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हे दोन स्वतंत्र गुन्हे मानतो. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात आपोआप जात नाही.

कॉलियर यांनी सगळे आरोप नाकारले. त्यांच्या बाजूने बोलण्यासारख्या गोष्टीही होत्या. ब्रिटिश म्युझियमच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचे ते सचिव राहिले होते आणि ग्रंथसूचीच्या वादात तिथल्या अधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसले होते. आरोप करणारे त्याच संस्थेतले. ऑक्सफर्डच्या डॉ. वेल्झली यांना असा एक ग्रंथ रॉडच्या दुकानात पाहिल्याचे आठवत होते. फ्रान्सिस पॅरी नावाच्या गृहस्थांनी तर तो ग्रंथ एके काळी आपलाच होता असे सांगितल्याचे कॉलियर यांनी जाहीर केले. प्रत्यक्ष ग्रंथ समोर ठेवल्यावर मात्र पॅरी म्हणाले, हा माझा नव्हे.

१९८२ साली अमेरिकन अभ्यासक ड्यूई गँझेल यांनी कॉलियर यांचे मोठे चरित्र लिहून बाजू उलटवली. कॉलियर निर्दोष असून वैमनस्यापोटी, मॅडन यांच्या पुढाकाराने, ते अडकवले गेले असा त्यांचा पक्ष होता. ज्यांच्यावर संशय घ्यायला कोणी धजत नव्हते, त्या तपासनीसांच्या हेतूंकडे त्यांनी लक्ष वेधले, ही त्यांची कामगिरी मान्य करावी लागते. २००४ साली आर्थर आणि जॅनेट फ्रीमन या दाम्पत्याने सुमारे दीड हजार पानांच्या दोन खंडांत कॉलियर यांचे आयुष्यभराचे लेखन एकेका कागदासकट तपासले. गँझेल यांचा बचाव त्यांनी अमान्य केला. बनावटगिरी एका ग्रंथापुरती नव्हती. वेगवेगळ्या दप्तरांत, वेगवेगळ्या दशकांत ती आढळत होती आणि त्या सगळ्या जागी हजर असलेला माणूस एकच होता. अभ्यासकांत आज हाच निर्णय मान्य आहे, आणि पुरावे पाहता तो योग्यही आहे. कॉलियर ९४ वर्षे जगले. जाहीर कबुली त्यांनी कधीच दिली नाही. अखेरच्या काळातल्या खाजगी नोंदींत मात्र आपल्या हातून झालेल्या नीच कृत्यांबद्दलचा पश्चात्ताप आहे.

८. एक आरोप जो खोटा निघाला

एवढे सिद्ध झाल्यावर कॉलियर यांचे सगळेच फेकून देण्याचा मोह होतो. तसे केले असते तर इंग्रजी समीक्षेचे मोठे नुकसान झाले असते.

कवी कोलरिज यांनी १८११-१२ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये शेक्सपिअर आणि मिल्टन यांवर व्याख्याने दिली. श्रोत्यांत बावीस वर्षांचे कॉलियर होते आणि त्यांना लघुलिपी येत होती. चाळीस वर्षांनी, १८५४ साली, त्यांनी आपली टिपणे सापडल्याचे जाहीर केले. १८५६ साली ती पुस्तकरूपाने आली. अँड्र्यू ब्रे यांनी एका पुस्तिकेतून तारखांतल्या विसंगती दाखवल्या आणि टिपणे रचलेली असल्याचे सुचवले. विसंगती खऱ्या होत्या. फोलिओचे प्रकरण उघडकीस आल्यावर तर कोलरिजची व्याख्यानेही त्याच माळेतली असणार, असे अनेकांना वाटले. तर्क स्वाभाविक होता. ज्याने दहा ठिकाणी फसवले, तो अकराव्या ठिकाणी का सोडेल?

पण इथेही नियम तोच, दुसऱ्या बाजूने लागू होणारा. माणसाची पत चांगली म्हणून कागद खरा ठरत नाही, तसा पत गेली म्हणून खोटाही ठरत नाही. कॉलियर यांची मूळ टिपणवजा वह्या-कागदपत्रे टिकून राहिली होती. आर. ए. फोक्स यांनी ती छापील पुस्तकाशी ताडून पाहिली आणि १९७१ साली व्याख्यानांचा मूळ पाठ प्रसिद्ध केला. छापताना कॉलियर यांनी भाषा बरीच घासूनपुसून, वाढवून घेतली होती, हे उघड झाले. टिपणे मात्र अस्सल होती. तरुण कॉलियर त्या सभागृहात बसून खरोखरच लिहून घेत होते.

पर्किन्स फोलिओ आज कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. कोलरिजच्या व्याख्यानांची टिपणे वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत, आणि १८११-१२ च्या त्या व्याख्यानांविषयी जगाला जे माहीत आहे, त्यातला सर्वांत मोठा भाग त्याच टिपणांतून आला आहे.